मी तुम्हाला माफ करतो

शिंपी : थांबा, थांबा. काय राहो म्हणालात?

पाद्री : खाज. "देवाची खाज तुम्हा सर्वांवर राहो." उद्या उपासनेच्या शेवटी मी हा वाक्य बोलणार. मोठा आवाजात.

शिंपी : 'हे' वाक्य. 'मोठ्या' आवाजात. आणि पाद्रीबाबा, खाज म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?

पाद्री : का नाही? खाज म्हणजे... आपला लायकी नसतो, तरी मिळतो. फुकट मिळतो. एका माणसाला मिळाला, की हळूहळू घरातल्या सगळ्यांना मिळतो.

शिंपी : ते खरंय.

पाद्री : आणि त्यात फार आनंद आहे.

शिंपी : तेही खरंय, सुरुवातीला. इकडे बघा. मी मानेवर नखांनी हे जे करतोय ना? कापडाचं बारीक कुसळ कॉलरमध्ये गेलं की मला हे करावं लागतं. ती खाज. तुम्हाला म्हणायचंय कृपा. आमच्या इथल्या भाषेत हे दोन शब्द कानाला अगदी जुळे वाटतात. शेवट ओढलात की कृपा, तोडलात की खाज.

पाद्री : अरे देवा! मी इथे आलो तेव्हापासून हा बोलतो! दर रविवार!

शिंपी : हो. आणि आम्ही दर रविवारी घरी घेऊन जातो.

पाद्री : मास्तर, तुम्ही मला सांगितला का नाही?

शिंपी : आधी मला वाटलं, तुमचा देवच तसा असेल. नव्या माणसाला त्याच्या देवाबद्दल एकदम कसं विचारायचं? पुढे उलगडा झाला, पण तोवर लोकांना आवडायला लागलं होतं. उपासनेला नेमाने येणारा मी एकटा असलो, तरी तुमची खिडकी उघडी असते. खाली गल्लीला सगळं ऐकू येतं. आमची ही तर मला दारातूनच सांगते, "जाऊन या, आणि माझ्या वाटणीची खाज घेऊन या."

पाद्री : उद्या मोठा साहेब येतो, मास्तर. मिशनचा. आमच्या देशातून, विमानाने. त्याला बघायचा आहे, मी इथे काय काम केला.

शिंपी : त्यांना आमची भाषा येते?

पाद्री : एक शब्द नाही.

शिंपी : मग खाज म्हणा नाहीतर पडसं म्हणा, घाबरता कशाला? माणसं हवीत ना खोलीत? ते माझ्याकडे लागलं. माझी बायको, तिची बहीण, ती कोपऱ्यावरची फुलवाली, तिचा नवरा. तो बहिरा आहे, पण बसतो ताठ. लांबून छान दिसेल.

पाद्री : आणि समोरचा बेकरीवाला?

शिंपी : समोर बेकरी आहे?

पाद्री : मोठा बेकरी आहे. सकाळी किती सुंदर वास येतो!

शिंपी : मला नाही येत.

पाद्री : तो तुमचा भाऊ आहे ना? माझ्या बायकोला नळावर कळला.

शिंपी : नळाचं तोंड बंद तरी करता येतं, तिथल्या बायकांची येत नाहीत. बसा त्या स्टुलावर. एकदा सांगतो, पुन्हा विचारायचं नाही. तो माझा सख्खा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, मीच वाढवला त्याला. त्याच्या लग्नाला मी कोट शिवला. काळा. कापड मी निवडलं, अस्तर मी निवडलं, काजं हाताने केली, मशीन लागू दिलं नाही. आणि लग्नाच्या दिवशी बघतो, तर हे महाराज भलताच कोट घालून उभे! रेडिमेड! सासरकडून आलेला! खांद्यांत एवढा ढगळ, की आत आणखी एक नवरा मावला असता.

पाद्री : त्याने तो कोट का घातला?

शिंपी : विचारायला मी थांबलो कुठे? जेवायलाही थांबलो नाही. तो मागून धावत आला आणि म्हणाला, "जायचंय तर जा, एका कोटासाठी." एका कोटासाठी! त्या दिवसापासून तो त्या बाजूला, मी ह्या बाजूला. पाव मी बाजारापलीकडून आणतो. तो कपडे त्या चौकातल्या शिंप्याकडे टाकतो. काय बाह्या लावतो तो चौकातला! बघवत नाहीत.

पाद्री : म्हणजे तुम्ही बघता.

शिंपी : दुकान समोरच आहे ना! डोळे मिटून शिवू?

पाद्री : आणि तुमचा कोट? तो कुठे आहे?

शिंपी : उसवला. तुमच्या खोलीतल्या खुर्च्यांवर काळ्या गाद्या आहेत ना, मी करून दिलेल्या?

पाद्री : मास्तर! मी तिथे उभा राहून क्षमेवर बोलतो, आणि तुम्ही भावाच्या कोटावर बसता?

शिंपी : फार बरं वाटतं बसायला. चला, परत म्हणा. कृपाऽऽ. शेवट सोडू नका, ओढा. अजून ओढा. आता सोडा. वा! ही झाली कृपा.

*

पाद्रीणबाई : साहेबांना टॅक्सीत बसवलंत?

पाद्री : बसवलं. गेले एकदाचे. दार लावून घे गं. आणि जरा वेळ माझ्याशी आपल्या भाषेत बोल. बाहेर प्रत्येक वाक्याला ठेच लागते मला.

पाद्रीणबाई : आज ठेच तुम्हाला नाही लागली. ज्यांना लागली ते खाली मान घालून जिना उतरून गेले. बायको होती बरोबर त्यांची. मेहुणी होती.

पाद्री : घोरत होता तो! भर प्रार्थनेत! साधंसुधं घोरणं नव्हतं, कोणी ओंडका कापतंय असं वाटत होतं. त्यात त्या फुलवालीला हसू फुटलं, तिचं बघून मेहुणीला फुटलं, आणि साहेब एक डोळा उघडून सगळं बघतायत. तुला आठवतं ना, साहेब असे एक डोळा उघडून बघतात ते?

पाद्रीणबाई : आठवतं. आपल्या लग्नातही बघत होते. पण तुम्ही मास्तरांना काय म्हणालात, ते ठाऊक आहे का?

पाद्री : म्हणालो, बाहेर जा. जोरात म्हणालो, ते चुकलंच. पण एवढंच म्हणालो.

पाद्रीणबाई : नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्या घराबाहेर जाऊन मर."

पाद्री : नाही!

पाद्रीणबाई : बोट दाखवून.

पाद्री : मला 'निघ' म्हणायचं होतं.

पाद्रीणबाई : ते मला कळलं. त्या फुलवालीच्या बहिऱ्या नवऱ्याला मात्र 'मर' ऐकू गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी नीट ऐकू आलं, तर ते हे.

पाद्री : हसू नकोस.

पाद्रीणबाई : हसत नाहीये. रडायचं म्हणून तोंड उघडलं, तर हसू आलं. साहेब जाताना काय म्हणाले?

पाद्री : म्हणाले, दुसरीकडे माणसं आपली वाट बघतायत, आणि इथे तुम्ही माणसांची वाट बघत बसलाय. पुढच्या महिन्यात बांधाबांध करा म्हणाले. किनाऱ्यावरच्या एका गावात मंडळी तयार आहे, तिला पाद्री नाही.

पाद्रीणबाई : मग तुम्ही काय म्हणालात?

पाद्री : हो म्हणालो.

पाद्रीणबाई : मला न विचारता?

पाद्री : काय विचारणार? काय आहे आपल्याजवळ इथे? एक शिंपी. तोही झोपतो. आणि आता तोही गेला.

पाद्रीणबाई : माझ्या वर्गातल्या बायका आहेत. आत्ता कुठे एक एक जण ओळ वाचायला लागलीय. मास्तरांच्या बायकोने परवा औषधाच्या बाटलीवरचं वाचलं, 'हलवून घ्या', आणि नवऱ्याला गदागदा हलवलंन. मग म्हणते, "बाई, बाटली हलवायची होती होय?" त्यांना मी मध्येच सोडून जाऊ?

पाद्री : तुझं काम दिसतं तरी. माझं काय दिसतं? मी उभा राहतो, बोलतो, बसतो. खरं सांगू? गेले काही दिवस मला वाटतं, देवाने मला इथे पाठवलंच नव्हतं. मीच आलो. आणि तो भला असल्यामुळे काही बोलत नाही इतकंच.

पाद्रीणबाई : मलाही वाटतं असं अधूनमधून.

पाद्री : तुला?

पाद्रीणबाई : का, मी काय दगडाची आहे? इथे आल्या आल्या कोणी आपल्याकडे ढुंकून बघत नव्हतं, आठवतं? नळावर मी गेले की बायका हंडे उचलून सरकायच्या. रोज रात्री उशीत तोंड घालून मी देवाला विचारायचे, का आणलंस? मग एक दिवस ह्या गल्लीत पहिला माणूस आपल्याशी आपणहून बोलला. कोण होता तो?

पाद्री : मास्तर.

पाद्रीणबाई : आणि काय म्हणाला?

पाद्री : म्हणाला, "साहेब, तुमची पँट मागून उसवलीय."

पाद्रीणबाई : तुम्ही त्याला पत्रक द्यायला हात पुढे केला होता, आणि तो तुमच्या मागे सुई घेऊन बसला होता. रस्त्यात. मी तेव्हा देवाला म्हटलं, चालेल. उत्तर जरा विचित्र आहे, पण चालेल.

पाद्री : आणि त्याच माणसाला मी...

पाद्रीणबाई : हो, त्याच माणसाला. आता एक सांगा. ह्या खोलीत आज काही वेगळं दिसतंय का?

पाद्री : नाही. खुर्च्या पुसल्यास ना तू?

पाद्रीणबाई : खुर्च्या रोजच पुसते. वर बघा. खिडकीकडे.

पाद्री : पडदे! हे कधी विकत आणलेस?

पाद्रीणबाई : आणले नाहीत, आले. तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून मास्तर काल अंधार पडता पडता माप घेऊन गेले. साहेबांच्या तोंडावर ऊन यायला नको, म्हणाले. सकाळी उजाडलं तेव्हा दारात उभे. डोळे लालभडक. मला म्हणाले, "वहिनी, पाद्रीबाबांना सांगू नका. साहेबांना वाटू दे, इथे हे नेहमीच असतात."

पाद्री : म्हणजे तो रात्रभर...

पाद्रीणबाई : खालची पट्टी बघा. हातशिलाई आहे. मशीनचा आवाज वर येऊन तुमची झोप मोडेल म्हणून मशीन लावलं नाही.

पाद्री : माझी चप्पल कुठाय?

पाद्रीणबाई : आज दुकान बंद आहे. ते तडक बायकोला घेऊन सासुरवाडीला गेले. उद्या सकाळी येतील.

पाद्री : उद्या सकाळी जातो. शिकव मला. 'मला माफ करा' कसं म्हणायचं ते शिकव. नीट. लहान मुलाला शिकवतात तसं.

पाद्रीणबाई : सोपं आहे. फक्त क्रम सांभाळा. ह्या भाषेत ज्याच्याकडे मागायचं तो आधी येतो, आणि आपण शेवटी. उलटं केलंत तर अर्थ उलटतो.

पाद्री : तो आधी, मी शेवटी.

पाद्रीणबाई : परत.

पाद्री : तो आधी, मी शेवटी. हे मला चुकणार नाही बघ.

*

शिंपी : माप द्यायचं असेल तर नंतर या. आज हात रिकामा नाही.

पाद्री : माप नाही, मास्तर. मी बोलायला आलो.

शिंपी : मशीन चालू आहे. ऐकू येत नाही.

पाद्री : जरा बंद करा.

शिंपी : काय म्हणालात? ऐकूच येत नाही.

पाद्री : मग मी मोठा आवाजात बोलतो! मास्तर! मी तुम्हाला माफ करतो!

[मशीन थांबतं. गल्लीतलं येणंजाणंही थांबतं. समोरच्या बेकरीच्या दारात कोपरापर्यंत पीठ लागलेला एक माणूस येऊन उभा राहतो.]

शिंपी : काय करता?

पाद्री : माफ! मी तुम्हाला माफ करतो! सगळा मनापासून!

शिंपी : तुम्ही? मला? घोरलो म्हणून?

पाद्री : नाही, नाही! मी म्हणालो 'मर'. तो फार वाईट गोष्ट. फार, फार वाईट. म्हणून मी तुम्हाला माफ करतो!

शिंपी : 'मर' तुम्ही म्हणालात, आणि माफ मला करताय? गल्लीच्या मधोमध?

पाद्री : हो! काल लोकांसमोर बोललो, म्हणून आज पण लोकांसमोर! मास्तर, मी पडदा बघितला. रात्री माझ्या बायकोने सांगितला नसता, तर मी आंधळा राहिला असता. मला रडू आला. तुम्ही जागला, डोळे लाल केला, आणि मी बोट दाखवला! आता मी तुमच्या पाया पडतो. मी तुम्हाला माफ करतो. तुम्ही फक्त हो म्हणा!

शिंपी : अहो, उठा! उठा आधी! धुळीत कुठे गुडघे टेकताय? ती पँट मी शिवलेली आहे! आणि हळू बोला, सगळे बघतायत.

पाद्री : बघू दे.

शिंपी : पाद्रीबाबा, तुम्ही उलटं बोलताय.

पाद्री : काय उलटा?

शिंपी : तुम्ही माफी मागत नाही आहात, देताय. मघापासून. ओरडून ओरडून देताय.

पाद्री : तो आधी, मी शेवटी... मी आधी... अरे! मी मलाच आधी लावला!

शिंपी : तरी म्हटलं, हा माणूस आहे तरी कोण? शिवी पण स्वतः देतो, आणि वर क्षमाही स्वतःच देऊन मोकळा होतो!

पाद्री : मास्तर, तुम्ही मला माफ करा.

शिंपी : आता बरोबर.

पाद्री : व्याकरण विचारत नाही मी.

शिंपी : ठाऊक आहे. या, आत या. ते स्टूल घ्या. गुडघा दाखवा... फाटली नाही, नशीब. आणि एक लक्षात ठेवा, मी काल झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो.

पाद्री : नाकाने?

शिंपी : ज्याला जसं जमेल तसं. काय म्हणाले तुमचे साहेब?

पाद्री : जायचा. पुढचा महिन्यात. दुसरा गावात.

शिंपी : कोणी जायचं?

पाद्री : मी. माझा बायको.

शिंपी : 'माझी' बायको. अजून हे येत नाही, आणि चालले दुसऱ्या गावात! तिथे पुन्हा पहिल्यापासून खाज वाटणार तुम्ही? तिथे कोण सांगणार तुम्हाला?

पाद्री : कोणी नाही.

शिंपी : मग? ... पाद्रीबाबा, मागे वळू नका. नुसतं सांगा, तो अजून उभाच आहे का?

पाद्री : कोण?

शिंपी : समोरचा.

पाद्री : मागे न वळून कसा सांगू? आणि तुम्हाला तर समोर बेकरी दिसत नाही.

शिंपी : आज दिसतेय. आत काहीतरी करपतंय त्याचं, आणि हा वेडा दारात उभा राहून माझ्याकडे बघतोय.

*

पाद्रीणबाई : आत या ना, मास्तर. दारात का उभे? आणि हातात हे काय?

शिंपी : पाव. तुमच्यासाठी. अजून गरम आहे, वहिनी.

पाद्रीणबाई : बाजारापलीकडून इथवर येईतो गरम राहिला?

शिंपी : बाजारापलीकडचा नाही.

पाद्री : मास्तर! समोरचा?

शिंपी : समोरचा. बसू द्या मला आधी. इथे नको, त्या काळ्या गादीवर नको. त्या बाकावर बसतो. ऐका. काल दुपारी मी काजं करत होतो, दारात सावली पडली. वर बघतो तर हा. अंगाला पीठ, हातात पाव. सुई बोटात गेली माझ्या, तरी बोललो नाही. शेवटी त्याने तोंड उघडलं, आणि काय म्हणाला असेल?

पाद्रीणबाई : काय?

शिंपी : "मास्तर, मी तुम्हाला माफ करतो."

पाद्रीणबाई : बाई गं!

शिंपी : अगदी ह्यांच्याच चालीत. शब्द न् शब्द ह्यांचा. मला, सख्ख्या भावाला, 'मास्तर' म्हणतोय!

पाद्री : तो माझा चेष्टा करत होता.

शिंपी : मलाही आधी तेच वाटलं. कात्री घेऊनच उठलो होतो. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. लहानपणी काही मोडलं-फोडलं की असंच करायचा तो, हसतो का रडतो कळायचं नाही. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. इतकी वर्षं आमचं अडलं होतं ते एवढ्यावरच. माफी आधी कोणी मागायची? मी म्हणायचो त्याने, तो म्हणायचा मी. आणि हे तुमचं जे वाक्य आहे ना, पाद्रीबाबा, त्यात मागतंय कोण आणि देतंय कोण, काही कळतच नाही. असलं वाक्य आमच्या भाषेत नव्हतंच मुळी. तुम्ही आणलंत.

पाद्रीणबाई : मग तुम्ही काय केलंत?

शिंपी : काय करणार? मीही म्हणालो, "मी तुम्हाला माफ करतो." मग तो परत म्हणाला. मग मी परत. मग दोघांना जे हसू सुटलं, ते काही केल्या थांबेना. हसता हसता त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग... जाऊ दे. सगळं पीठ झालं शर्टाला.

पाद्री : आणि कोट? तो कोटाचा काय म्हणाला?

शिंपी : तेच तर. तो कोट रेडिमेड नव्हताच, पाद्रीबाबा.

पाद्रीणबाई : मग?

शिंपी : त्याच्या सासऱ्यांनी शिवला होता. म्हातारा तरुणपणी शिंपीकाम करायचा, मग डोळे गेले. लेकीच्या लग्नाला त्याने चाचपडत, बोटांनी माप घेत जावयासाठी कोट शिवला. म्हणून खांद्यांत ढगळ. हा म्हणतो, "दादा, दोन कोट होते माझ्याजवळ. एक तू शिवलेला, एक त्यांनी. मला वाटलं, तू समजून घेशील." मी म्हटलं, गाढवा, मग तेव्हाच सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, "तू थांबलास कुठे?"

पाद्रीणबाई : आहे अजून तो कोट?

शिंपी : आहे. आज सकाळी हातात घेऊन बघितला. डोळ्यांशिवाय अस्तर असं बसवलंय म्हाताऱ्याने, की माझ्याच्याने डोळे असून बसणार नाही. खांदे मात्र ढगळच आहेत. ते मी तसेच ठेवणार. बरं, माझं पुष्कळ झालं. तुमचं काय ठरलं? सामान बांधायला दोऱ्या आणून देऊ का?

पाद्रीणबाई : दोऱ्या नकोत. काल फोन झाला साहेबांशी.

शिंपी : तुम्ही केलात?

पाद्रीणबाई : नंबर मी लावला, बोलायला ह्यांना दिला. मी बोलले असते तर भांडण झालं असतं.

पाद्री : मी सांगितला, मला थांबायचा आहे. साहेबाने विचारला, "कोणी नवीन आला का मंडळीत?" मी म्हणालो, कोणी नाही. "येणार आहे का कोणी?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही. मग विचारला, "मग थांबतोस कशासाठी?" मी त्याला सगळा सांगितला. पडदा, माफी, गुडघा. बेकरीवाला दारात उभा राहिला, पाव करपला, तो पण.

शिंपी : हसले असतील.

पाद्री : हसला नाही. मग हळूच म्हणाला, "मी तरुण होतो तेव्हा एका डोंगरातल्या गावात असाच होतो. तिथे एक लोहार होता, रोज माझ्याशी वाद घालायचा. मला वरून हुकूम आला, मी निघालो. तो लोहार वेशीपर्यंत वाद घालत आला. अजून कधी कधी वाटतो, त्याचा शेवटचा वाक्य ऐकून घ्यायला हवा होता." मग म्हणाला, "थांब तू. किनाऱ्यावरच्या गावाला मी दुसरा माणूस देतो."

शिंपी : मग मी त्यांच्याबद्दल जे काही बोललो असेन, ते परत घेतो.

पाद्रीणबाई : काय बोलला होतात?

शिंपी : ते आता परत घेतलं ना, वहिनी. चहा ठेवताय का?

पाद्रीणबाई : ठेवते. पाव कापते.

शिंपी : थांबा, आधी एक विचारायचंय. चहा झाल्यावर धीर राहणार नाही. पाद्रीबाबा, तुम्ही दर रविवारी सांगता ना, तुमच्या देवाने माणसांना माफ केलं?

पाद्री : हो.

शिंपी : मी ते असं धरून चाललो होतो, की आपण आधी त्याच्या दारात जायचं. नाक घासायचं, मागायची. आणि मग त्याच्या मनात आलं तर तो देणार. मोठी माणसं तसंच करतात. म्हणून मी कधी फार मनावर घेतलं नाही. मला कोणाच्या दारात जाऊन मागणं जमत नाही. पण काल रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुमच्या त्या देवाने... तो स्वतःच आला का? माणसाच्या दुकानात, कोणी मागायच्या आधी? आणि दारात उभा राहून म्हणाला का, मी तुम्हाला माफ करतो?

पाद्रीणबाई : अहो... ऐकलंत?

पाद्री : ऐकला.

पाद्रीणबाई : मग बोला ना. हेच ना ते?

पाद्री : हाच. मास्तर, हाच तो... मी आलो तेव्हापासून मला हाच... मला शब्द मिळत नाही.

शिंपी : आमच्या भाषेत?

पाद्री : कुठल्याच भाषेत नाही.

शिंपी : मग सावकाश सांगा. दुकान बंद करूनच आलोय मी.